गोविंदरावांचं ‘वेल’

गोविंदराव गेल्याची बातमी मला कुणी येऊन सांगितली नाही. आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. पलीकडे त्यांची पडवी, अलीकडे माझी. सकाळी पूजा आटोपून मी पडवीत आलो की पलीकडे कपबशी वाजायची आणि पाठोपाठ त्यांचा शब्द यायचा, ‘वेल?’ सकाळच्या त्या शब्दाचा अर्थ ‘उठलात का?’ असा होता. मी इकडून ‘उठलो, गोविंदराव’ म्हणायचो आणि मगच माझा दिवस सुरू व्हायचा. त्या सकाळी कपबशी वाजली, पण शब्द आला नाही. मी थोडा वेळ थांबलो... मग पंचा खांद्यावर टाकून गडगा ओलांडला. यमुनावहिनी त्यांच्या आरामखुर्चीपाशी उभ्या होत्या. ‘‘भावोजी, चहा निवला हो,’’ एवढंच त्या म्हणाल्या. खुर्चीतले गोविंदराव झोपल्यासारखेच दिसत होते.

याला आता काही आठवडे झाले. त्यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली वगैरे मी लिहिणार नाही. शाळेतली त्यांची जागा ते आजारी पडले तेव्हाच भरली गेली होती, आणि नवे मास्तर व्याकरण त्यांच्याहून बरं शिकवतात असं मुलं सांगतात. गोविंदराव फार मोठे विद्वान नव्हते. इंग्रजी चौथीपासून मॅट्रिकपर्यंतच्या मुलांना इंग्रजी शिकवणारे, राजापूर तालुक्यातल्या नाट्याहून आलेले, आंबेबागायतदाराच्या घरातले धाकटे भाऊ. थोरल्याने बाग सांभाळली, यांनी खडू हाती घेतला. मी त्याच शाळेत संस्कृत शिकवतो. शेजार आणि शिक्षकांच्या खोलीतलं एकच बाकडं, एवढ्यावर आमची मैत्री झाली. तिला भांडणाचीही जोड होती. इंग्रजीला ना विभक्ती, ना संधी, ना शिस्त. ती भाषा नसून निव्वळ सवय आहे, असं मी म्हणे. यावर त्यांनी चिडावं अशी माझी अपेक्षा असे. पण ते शांतपणे म्हणत, ‘‘अगदी बरोबर. म्हणून तर ती पुस्तकातून येत नाही.’’ मग भांडायचं कुणाशी?

त्यांचा एक तास शाळेत प्रसिद्ध होता. दर वर्षी गणपतीची सुट्टी संपली की मॅट्रिकच्या वर्गात जाऊन ते फळ्यावर एकच शब्द लिहीत, ‘वेल’, आणि हात झटकून खुर्चीत बसत. आमच्याकडची मुलं तेव्हा इंग्रजी म्हणजे भारदस्त शब्दांची आरास समजत. अर्ज लिहायला सांगितला तर जिभेला व्यायाम होईल असा लिहीत. पण साहेबाने वाटेत ‘कसा आहेस’ विचारलं तर घामाघूम होत. गोविंदराव त्यांना सांगत, मोठ्या शब्दांना एकच अर्थ असतो, त्यामुळे ते पाठ करता येतात. छोट्या शब्दांशी मात्र संसार करावा लागतो. मग तो सगळा तास ते नाटक करत. पाण्याची विहीर तर झालीच, आणि ‘चांगलं’ तर झालंच; पण कुलूप लावलेल्या दारापाशी उभा राहिलेला माणूस हा शब्द कसा म्हणतो, उशिरा आलेल्या मुलाला बाप कसा म्हणतो, जुना मित्र अचानक भेटला तर कसा, हरलेला माणूस पत्ते खाली ठेवताना कसा... तोंडातून निघायचा तो हाच एवढासा शब्द, पण भुवया, हात, श्वास दर वेळी निराळे. ‘‘हा शब्द म्हणजे इंग्रजी बोलण्याची पडवी,’’ ते म्हणत. ‘‘इथे चपला काढायच्या, पाय धुवायचे, आणि मग वाक्यात शिरायचं.’’ मुलं पोट धरून हसत आणि पुढे वर्षभर त्यांना पाठीमागे ‘वेलमास्तर’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. नाव वाईट नाही, असं त्यांचं मत पडलं.

एकदा शाळा तपासायला एक इंग्रज साहेब आले. मुख्याध्यापकांनी स्वागताचं भाषण आठवडाभर घासूनपुसून ठेवलं होतं. ते पहिल्या पानावरून दुसऱ्यावर आले तेव्हा साहेबांनी हात पाठीमागे बांधले, खिडकीबाहेर पाहिलं आणि ते पुटपुटले, ‘‘वेल, वेल...’’ मुख्याध्यापकांना ती दाद वाटली. ते अधिकच रंगात आले. पण मॅट्रिकच्या वर्गातल्या सगळ्या माना एकदम गोविंदरावांकडे वळल्या आणि अख्खा वर्ग खुदकन हसला. हात मागे बांधून दोनदा म्हटलेलं ‘वेल’ म्हणजे साहेबाला आता जेवणाची आठवण झाली आहे, हे त्यांना महिन्यापूर्वीच शिकवलेलं होतं. मुख्याध्यापकांनी पुढे बरेच दिवस गोविंदरावांशी बोलणं टाकलं होतं. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की हा मनुष्य खरोखरच काहीतरी शिकवतो.

घरी या शब्दाचं कौतुक नव्हतं. वहिनींना इंग्रजीचा तिटकाराच होता म्हणा ना. इंदू, त्यांची एकुलती एक मुलगी, मराठी शाळा संपवून इंग्रजी शिकू लागली तेव्हा वहिनींनी घर डोक्यावर घेतलं होतं. ‘‘पोरीला इंग्रजी कशास हवं? चुलीशी बोलायचंय का तिला इंग्रजीतून?’’ हा प्रश्न मी गडग्याच्या अलीकडून कितीदा ऐकला असेल! गोविंदराव उत्तर देत नसत. संध्याकाळी इंदूला समोर बसवून धडा वाचून घेत, आणि तिने काही चांगलं उत्तर दिलं की ‘‘वेल!’’ म्हणत. आतून वहिनींचा आवाज येई, ‘‘झालं का वेल वेल? मग ताटं घ्या.’’ इंदूने मॅट्रिक व्हावं, पुढे शिकावं, एवढी एकच महत्त्वाकांक्षा या माणसाने आयुष्यात धरली. स्वतःसाठी त्याने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मग एका श्रावणात संध्याकाळचा चहा घेताना त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला. मी गडग्यापाशीच होतो. कप पडलेला पाहून ते काहीतरी म्हणायला गेले, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ते खुर्चीतच कलंडले. अर्धांगाचा झटका होता. उजवं अंग गेलं. त्याहून वाईट म्हणजे वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. पंधरवड्याने ती आली, पण आला तो एकच शब्द. बायकोचं नाव नाही, मुलीचं नाही, देवाचं नाही... ज्या शब्दाने ते हजारदा बोलायला सुरुवात करत आले होते तेवढाच जिभेवर राहिला आणि पुढचं सारं पुसलं गेलं. मी डाव्या हाताशी पाटी दिली, तर नुसत्या रेघोट्या उमटल्या. अक्षरंही गेली होती. मान हलवायला सांगितली तर ती कशीही हले. डॉक्टर येऊन विचारत, ‘‘कसं वाटतंय, मास्तर?’’ उत्तर येई, ‘‘वेल.’’ डॉक्टर समाधानाने म्हणत, ‘‘उत्तम, उत्तम,’’ आणि पुढच्या रोग्याकडे जात. गोविंदराव त्यांच्या पाठीकडे पाहत राहत. मी इतकी वर्षं शिकवतोय, पण असा हताश चेहरा दुसरा पाहिला नाही.

सुरुवातीचे महिने भयंकर गेले. त्यांना पाणी हवं असायचं आणि आम्ही उशी द्यायचो. खिडकी लावायची असायची आणि आम्ही पांघरूण घालायचो. ते संतापून तोच शब्द ओरडत आणि मग डाव्या हाताने डोळे झाकून घेत. मला येणारं इंग्रजी काही कामाचं नव्हतं. इंदूचंही नाही, ती बिचारी शब्दकोशातल्यासारखे अर्थ लावत बसे. शब्द उलगडला तो वहिनींना, आणि तोही रोजच्या कामातून. त्यांच्या हिशेबी ‘वेल’चे इंग्रजी अर्थ नव्हतेच. एक दुधाचं होतं, एक टपालवाल्याचं, एक पाठ खाजण्याचं, एक मला बोलावण्याचं. दूध नासल्याचं वेगळं होतं. इंदूला शाळेतून यायला उशीर झाला की एक आखूड ‘वेल’ यायचं, आणि ती दारात दिसली की तेच लांबायचं. वर्ष सरता सरता असं झालं की मी जाऊन बसलो तर वहिनी आतून भाषांतर करत. ‘‘भावोजी, विचारतायत की नवे मास्तर कसे आहेत.’’ मी म्हणे, ‘‘कशावरून?’’ तर म्हणत, ‘‘शाळेचं आहे ते.’’ आणि गोविंदराव समाधानाने डोळे मिटत. ज्या बाईने आयुष्यभर या शब्दाची टिंगल केली तिच्या घरात आता तो दिवसभर वाजत होता, आणि तो वाजला नाही तर तिला चैन पडत नव्हतं.

आता एका वैशाखाबद्दल. नाट्याहून गोविंदरावांचे थोरले भाऊ दादासाहेब आले. मनुष्य वाईट नव्हे. त्यांच्या मताने ते घर सावरायला आले होते. भाऊ अंथरुणाला खिळलेला, घरात मुलगा नाही, मुलगी उपवर. मॅट्रिकला अजून वर्ष, आणि मॅट्रिक होऊन तरी करायचं काय? त्यांनी दापोलीचं एक स्थळ आणलं होतं. घर खाऊनपिऊन सुखी, नवरामुलगा मात्र बिजवर, पदरात दोन लहान मुलं. पत्रिका दादासाहेबांनी परस्पर जुळवून घेतली होती. पाऊस तोंडावर आलेला, बोटी बंद व्हायच्या आत सारं उरकायचं म्हणून दापोलीची मंडळी हर्णैला बोट धरून थेट वाङ्निश्चयालाच आली. इंदूला कुणी काही विचारलं नाही. ती दोन दिवस कुणाशी बोलत नव्हती, एवढं मला दिसत होतं. गोविंदरावांपुढे तिने तेवढं वर्तमानपत्र वाचलं, नेहमीसारखं, आणि वाचता वाचता आवाज बसला म्हणून उठून गेली.

वाङ्निश्चय म्हणजे काय हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्या विधीत मुलीच्या बापाने चार माणसांसमोर, तोंडाने, ‘मुलगी दिली’ असं म्हणायचं असतं. नारळ, सुपारी, गंध हे सगळं मागाहून, आधी वाचा. म्हणून तर नावात वाणी आहे. पडवीत पाट मांडले, भटजींनी तयारी केली, आणि त्यांच्या लक्षात आलं की मुलीच्या बापाला वाचाच नाही. दादासाहेब म्हणाले, ‘‘मी थोरला भाऊ आहे, मी बोलतो.’’ भटजी म्हातारे आणि चोख होते. म्हणाले, ‘‘तुम्ही बोला, हरकत नाही. पण बाप समोर बसलाय, शुद्धीवर आहे. त्यांची संमती तरी त्यांच्या तोंडून येऊ दे.’’

दादासाहेब खुर्चीजवळ वाकले. आवाज मऊ करून म्हणाले, ‘‘गोविंदा, अरे, इंदू दापोलीकरांकडे देतोय आपण. बरं घर आहे. तुझी काळजी मिटेल. सांग, देऊ ना?’’

आत स्वयंपाकघरात इंदू नारळ खोवत होती. खवणीचा आवाज पडवीपर्यंत येत होता. तो थांबला.

गोविंदरावांनी भावाकडे पाहिलं. मग अंगणाकडे. मग डोळे खाली घेऊन ते हळूच म्हणाले, ‘‘वेल.’’

‘‘झालं!’’ दादासाहेबांचा चेहरा उजळला. पाहुण्यांमधले एक वृद्ध गृहस्थ कचेरीतून निवृत्त झालेले होते. त्यांनी मान डोलावली. ‘‘वेल म्हणजे ठीक आहे, चांगलं आहे. संमतीच ही. घ्या भटजी.’’

मीही ते ऐकलं होतं. पत्ते खाली ठेवणाऱ्या माणसाचं होतं ते. वर्गात त्यांनी कितीतरी वेळा करून दाखवलेलं.

‘‘ते नाही म्हणतायत.’’

आवाज माजघराच्या दारातून आला होता. वहिनी तिथे उभ्या होत्या, अर्ध्या दाराआड. थोरल्या दिरांसमोर त्या त्यापूर्वी कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांच्या घरात ती रीतच नव्हती. दादासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते माझ्याकडे वळले. ‘‘शास्त्रीबुवा, तुम्ही शेजारी. इतकी वर्षं एका शाळेत होतात. तुम्हीच सांगा, वेल म्हणजे काय?’’

मी म्हणालो, ‘‘मला इंग्रजी येत नाही.’’

मी इंग्रजी घेऊनच मॅट्रिक झालो आहे, आणि हे दादासाहेबांना ठाऊक होतं. भटजींनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. दादासाहेब उसळून म्हणाले, ‘‘मग हिला कुठलं येतंय?’’

‘‘मला इंग्रजी नाही कळत,’’ वहिनी दारातूनच म्हणाल्या. ‘‘हे कळतात. दूध नासलं की असंच म्हणतात. त्यांनी नाही म्हटलंनीत. मी सांगत्ये ना.’’

सगळ्यांचे डोळे खुर्चीकडे गेले. गोविंदराव सावकाश वळले. तेवढं वळायलाही त्यांना वेळ लागे. दाराकडे, बायकोकडे, ते पाहत राहिले... इतका वेळ, की पाहुण्यांनी चुळबुळ केली. मग चेहऱ्याची डावी बाजू, जेवढी त्यांच्या ताब्यात होती तेवढी, हसली. डोळ्यांतून पाणी आलं. आणि ते मोठ्याने, पूर्वी वर्गात म्हणत तसे म्हणाले, ‘‘वेल!’’

मागच्या बाकावरच्या, कधी तोंड न उघडणाऱ्या मुलाने एकाएकी उठून, पुस्तकात नसलेलं आणि तरीही अचूक उत्तर दिलं की त्यांच्या तोंडून हेच निघायचं. मला ते ऐकून किती वर्षं झाली होती! माझेही डोळे भरून आले, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही.

भटजींनी सुपारी पुन्हा पुडीत बांधली. ‘‘वाचा झाली नाही,’’ ते म्हणाले. त्यांच्याकडून तो विषय संपला होता. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि सभ्यपणे निरोप घेऊन ते बंदरावर गेले. दादासाहेब न जेवता नाट्याला परतले. त्या वर्षी नाट्याहून आंब्याची पेटी आली नाही. पुढच्या वर्षी आली. माणसं चिडतात आणि निवतात. आंब्याच्या घरात तर राग एका मोसमापेक्षा जास्त टिकत नाही. त्या दुपारी पाहुणे वळणाआड गेले तेव्हा आत खवणीचा आवाज पुन्हा सुरू झाला होता, जरा जास्तच जोरात.

इंदू मॅट्रिक झाली. निकाल कळला त्या दिवशी गोविंदराव संध्याकाळपर्यंत तो शब्द म्हणत होते, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही अर्थ कळावा असा. आता ती पुण्याला कॉलेजात शिकते. वडील गेले तेव्हा आली, दिवस करून परत गेली. जाताना वहिनींनी तिला ‘‘अभ्यास कर हो,’’ म्हणून बजावलं. त्या वेळी चुलीशी बोलण्याचा विषय निघाला नाही.

सगळे पाहुणे गेल्यावर एका दुपारी मी पलीकडे जाऊन बसलो होतो. खुर्ची तिथेच आहे. तिच्या डाव्या हातावरचा वेत झिजलाय, कारण त्यांचा तोच एक हात चालत असे. मग इतकी वर्षं मनात असलेलं मी विचारलं, ‘‘वहिनी, त्या दिवशी गोविंदराव खरंच नाही म्हणाले होते का हो?’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पदराने खुर्चीचा हात पुसत म्हणाल्या, ‘‘हो म्हणाले होते, भावोजी.’’

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

‘‘दमले होते. आपल्या मागे पोरीचं काय, ही धास्ती घेतलेली. आयुष्यभर एक धरून ठेवलंनीत, ते त्या दिवशी सोडून देत होते... मला दिसत होतं. माझ्याच्यानं बघवलं नाही. म्हणून मी नाही म्हटलं.’’ थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘‘त्यांच्या बोलण्याचा मी कधी उलटा अर्थ सांगितला नाही हो. तेवढा एकदाच.’’

‘‘आणि मग ते दुसऱ्यांदा म्हणाले ते?’’

वहिनी हसल्या. गोविंदराव गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. ‘‘ते माझं आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ते नाही सांगायची कुणास.’’

मी त्याचा अर्थ ओळखतो असं मला वाटतं.

परवा सकाळी पूजा आटोपून मी पडवीत आलो. पलीकडे कपबशी वाजली. वहिनी खुर्चीशेजारी पायरीवर बसल्या होत्या, एकट्या, हातात कप. मी उपरणं झटकून वाळत घातलं आणि आत वळणार, तेवढ्यात गडग्यापलीकडून आवाज आला, जरा चाचरत, पण सूर नेमका तोच धरून, ‘‘वेल?’’

‘‘उठलो, वहिनी,’’ मी म्हटलं.